माहेरचा आहेर

शास्त्रपाठ : रूथ 4:1-13, लूक 15:20-24



सिनेमाचा विषय उपदेशात आणावा की नाही, याविषयी मंडळीत दोन मते आहेत. आणू नये, असेच आमचे मत होते. परंतु 2016 च्या एप्रिलात नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला आणि बेळगावच्या कॅम्पातील आमची तरुण मुले दुसरे काही बोलेनात. पुढल्या वर्षी तो ‘मनसु मल्लिगे’ या नावाने कानडीत निघाला, नायिका तीच. मग कानडी बोलणारी मुलेही त्यांना मिळाली. शेवटी आम्हीही पाहिला.

गोष्ट बहुतेकांस ठाऊक आहे. पाटलाची मुलगी आर्ची आणि मासे धरणाऱ्याचा मुलगा परशा यांचा कॉलेजात जीव जडतो. तरुणांना हाच भाग आवडतो. आम्हांस पुढचा अधिक खरा वाटला. पळून हैदराबादेस गेल्यावर झोपडीतला संसार, बाटल्यांच्या कारखान्यातील काम, संशय, उगारलेला हात, रुसून निघून जाणे आणि पुन्हा परत येणे. ते प्रेम टिकते. मूल होते. मग आर्ची आईला फोन करते, आणि एके दिवशी भाऊ आईचा आहेर घेऊन दारात उभा राहतो. ती आनंदाने चहा ठेवते. थोड्या वेळाने त्यांचे लहानगे मूल रक्ताने माखलेल्या पावलांनी एकटेच बाहेर येते.

लूककृत शुभवर्तमानातील बापानेही आहेर केला होता : झगा, अंगठी, पायांत जोडा. तो मुलगा तर खरोखर चुकला होता. आर्चीचा अपराध इतकाच की तिने जोड पाहिला नाही.

आणि रूथ? ती मवाबी. मवाब्याने दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, असे नियमशास्त्र सांगत होते (अनुवाद 23:3). तरी बवाजाने वेशीत दहा वडील बसवून चारचौघांत तिला पत्करले, आणि त्या वडिलांनी तोंड फिरवले नाही, आशीर्वाद दिला. मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत तिचे नाव घातले आहे.

आपल्यात जात नाही, असे आम्ही व्यासपीठावरून पुष्कळदा सांगितले आहे. परंतु लग्नाची सूचना वाचली जाते, तेव्हा मागच्या बाकांवर “मूळचे कोण हो?” अशी कुजबुज होते. आम्ही ती ऐकली, आणि पुढचे गीत सांगून मोकळे झालो.

तरुणसंघाच्या बैठकीनंतर एक मुलगी मागे थांबली. म्हणाली, “पाळकसाहेब, माझ्या घरून कधी आहेर आला, तर मी दार उघडू का?” तिचे आईवडील दर रविवारी पुढच्या बाकावर असतात. आम्ही म्हणालो, “बाळ, आपण प्रार्थना करू.”

“प्रार्थना कराच,” ती म्हणाली, “पण बाबांशी तुम्ही बोलाल का?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो.