काचेतील ठेव

युवकांच्या एका बैठकीत वीज आणि पर्यावरण या विषयावर चर्चा चालू असताना एका महाविद्यालयीन मुलीने आम्हांला विचारले, "फादर, तारापूरच्या अणुकचऱ्याची आता काच करतात म्हणे. मग प्रश्न मिटला ना?" प्रश्न साधा होता. 'मिटला' या शब्दापाशी मात्र आम्ही अडखळलो.

आधी काच कशासाठी, ते पाहू. अणुभट्टीत वापरून झालेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातील युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढतात. मागे उरतो तो अत्यंत किरणोत्सारी आम्लद्रव. तो स्वतःच्याच उष्णतेने तापत राहतो, म्हणून पोलादी टाक्यांत भरून त्याला अखंड थंड ठेवावे लागते. सोव्हिएत संघात मायाक येथे अशाच एका टाकीची शीतकरण यंत्रणा बिघडली, आतला द्रव आटत गेला आणि २९ सप्टेंबर १९५७ रोजी टाकीचा स्फोट झाला. किरणोत्सारी धूळ दूरवर पसरली, गावे उठवावी लागली. ही दुर्घटना सोव्हिएत सरकारने उघडपणे मान्य केली ती १९८९ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी.

द्रवाला फट सापडली की तो वाट काढतो. म्हणून त्याला घनरूप द्यायचे. सिलिका, बोरॉनची संयुगे, सोडा हे काचेचे घटक त्यात मिसळून सुमारे १००० अंश सेल्सिअसला वितळवतात, तो तप्त रस पोलादी डब्यांत ओततात, सावकाश निववतात आणि झाकण सांधून टाकतात. आपल्या देशात तारापूर, ट्रॉम्बे व कल्पाक्कम येथे हे काम चालते. किरणोत्सारी अणू या काचेत केकमधील मनुकांसारखे नुसते रुतून बसत नाहीत. बहुतेक काचेच्या विणीतच गुंफले जातात. त्यामुळे पुढे कधी पाणी पोहोचले तरी ते सहजी धुऊन निघत नाहीत.

काच ठिसूळ, ती कशी टिकेल, अशी शंका येते. फुटणे वेगळे आणि विरघळणे वेगळे. युरोपातील मध्ययुगीन चर्चच्या कित्येक रंगीत खिडक्या वाऱ्यापावसाने झिजल्या, कारण त्या काचेत पोटॅश फार होते. उलट फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्याजवळ बुडालेल्या एका रोमन जहाजातील काच सुमारे १८०० वर्षे समुद्रात राहूनही फारशी बिघडली नाही. तिला तडे गेले, परंतु आतला भाग शाबूत राहिला. शास्त्रज्ञांनी तिचा मुद्दाम अभ्यास केला तो याच कारणासाठी. या कामातील चिकाटीविषयी आमच्या मनात आदरच आहे.

परंतु काळाचे काय? या कचऱ्यातील सीझियम-१३७ आणि स्ट्राँशियम-९० यांचा जोर दर तीस वर्षांनी निम्मा होतो. तो हजारांश उरायला ३०० वर्षे लागतात. काही मूलद्रव्ये तर लाखो वर्षे धग धरून राहतात. ती संख्या आपल्या मनात मावत नाही, तीनशेचीच घेऊ. वसईचा किल्ला पोर्तुगिजांच्या हातून मराठ्यांकडे गेला तो १७३९ मध्ये. त्याला अजून ३०० वर्षे झालेली नाहीत. किल्ल्यातील पडक्या चर्चमधल्या थडग्यांवरील शिळा आजही दिसतात. आपल्यापैकी किती जणांना त्यांवरील लेख वाचता येतो? दगड टिकला, अक्षर टिकले, वाचणारा उरला नाही.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला एक आक्षेप हमखास निघे : जो अजून जन्मालाच आलेला नाही, त्याचे आपण देणे कसे लागणार? हक्क सांगायला कोणी तरी असावे लागते! युक्तिवाद चतुर आहे. पण आपल्या भागातील शेतकऱ्याला तो पटणार नाही. वाडी विकताना कोणी पडकी विहीर उघडी ठेवली, वर गवत माजू दिले आणि खरेदीदाराला सांगितले नाही. दहा वर्षांनी तिच्यात पडणारे मूल विक्रीच्या दिवशी जन्मलेलेही नव्हते. म्हणून विकणारा निर्दोष ठरतो काय? विहिरीवर झाकण घालणे हे त्याचे एक कर्तव्य, आणि विहीर आहे हे सांगणे हे दुसरे. काच हे झाकण आहे, आणि ते चांगले आहे. सांगण्याचे कर्तव्य ते पार पाडू शकत नाही.

तारापूरला काचेचे डबे हवेने निवत, देखरेखीखाली ठेवले आहेत. कायमचे खोल निधान आपल्या देशात अद्याप नाही. फिनलंडने ओन्कालो येथे ४०० मीटरांहून खोल खडकात भुयारे खणली आहेत. तेथे काच नव्हे, वापरलेले इंधनच तांब्याच्या डब्यांत घालून, भोवती बेंटोनाइट माती ठासून ठेवायचे आहे. पुढच्यांना पहारा द्यावा लागू नये, हा त्यामागचा विचार. याउलट, आजचा कचरा उद्याचे धन ठरेल, तो हाताशी असावा, असेही जाणते म्हणतात. त्यांचे म्हणणे पोकळ नाही. याच द्रवातून सीझियम वेगळे करून, त्याच्या काचेच्या कांड्या करून, त्या रक्तपेढ्यांतील रक्तावर किरण टाकण्यासाठी आपल्याकडे वापरल्या जातात. तरीही 'हाताशी असावा' हे 'नंतर पाहू' याचे सोज्वळ रूप होता कामा नये, असे आम्हांला वाटते. तारापूरची वीज १९६९ पासून आपण वापरत आहोत. ठेव कोठे राहणार आणि तिची नोंद कोण जपणार, हे ज्यांनी दिवे लावले त्यांनी आपल्या हयातीत ठरवावे. नातवंडांच्या गळ्यात न विचारता बांधलेला पहारा हा वारसा नव्हे, ते कर्ज आहे.

हे सारे त्या मुलीला थोडक्यात सांगितले. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पण फादर, नोंद ठेवायची तर कोणत्या भाषेत?" कोणी म्हणाले चित्रे काढावीत, कोणी म्हणाले शाळेत शिकवावे. बैठकीची वेळ संपली होती. पुढच्या रविवारी तोच विषय घ्यायचे ठरले.