घर राखायचं कोणाच्या पैशानं?

मोझरीचं आमचं घर विकायचं, एवढ्यावर ताईचं नि माझं एकमत आहे. गिऱ्हाइकं दोन. एकाला कवेलू उतरवून, सागाचे खांब-तुळया विकून मोकळी जागा हवी आहे. गाव नागपूर-अमरावती हमरस्त्यावर, त्यामुळे भाव चांगला. दुसरा घर दुरुस्त करून राहणार आहे, पण देतो कमी.

मी : दुसऱ्यालाच देऊ. हातभर रुंद पांढऱ्या मातीच्या भिंती आहेत. वरचं सिमेंटचं प्लास्टर ओल आत कोंडतं, ते खरवडून पुन्हा लिंपण केलं, वाळवी लागलेल्या तुळया बदलल्या, तर घर आणखी दोन पिढ्या उभं राहील.

ताई : आणि कमी पडलेले पैसे?

मी : दोघांचे थोडे थोडे जातील.

ताई : म्हणजे मन तुझं मोठं आणि वाटा माझा लहान.

मी : गावाचंही देणं असतं, ताई. 1935 साली तुकडोजी महाराजांनी इथं गुरुकुंज उभारलं, पुढे ते विनोबांच्या भूदानासाठी फिरले. लोकांनी जमिनी दिल्या. आपण चार पैसे सोडायचे नाहीत?

ताई : ज्यांनी दिल्या त्यांनी आपल्या दिल्या. आणि विनोबा मागत कसे? मला सहावा मुलगा समजा, सहावा हिस्सा द्या. मुलगी समजा म्हणाले असते, तर साडीचोळी देऊन लोकांनी वाटेला लावलं असतं.

मी : तू विषय वळवतेस.

ताई : विषय हाच आहे, बापू. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात कलम 23 होतं. बापाच्या राहत्या घरात मुलीला वाटा होता, पण भाऊ वाटणी करत नाहीत तोवर तिनं ती मागायची नाही. राहायचा हक्क कोणत्या लेकीला? बिनलग्नाची, नवऱ्यानं टाकलेली, त्याच्यापासून वेगळी झालेली, नाहीतर विधवा. घर मोडू नये म्हणून! 2005 साली ते कलम गेलं. तोवर किती घरं बहिणींच्या गप्प राहण्यावर उभी होती, ते मोज.

मी : पण मी घर बळकावत नाही, विकतोय.

ताई : ते भाऊ निदान त्या घरात राहत तरी होते. तुला घर नको, ते टिकल्याचं समाधान पाहिजे. तेही अर्धं माझ्या पैशानं.

मी : बरं. चढ्या भावानं तुझा अर्धा वाटा घे. तूट माझ्यातून जाऊ दे.

ताई : हे पटलं. मग मला विचारतोस काहून?

मी : तूट सोसायची, तर तो घर पाडणार नाही याची हमी पाहिजे.

ताई : विकलेल्या घरावर तुझा हुकूम? उद्या त्याच्या सुनेला स्लॅब हवा असेल. उन्हाळ्यातला गारवा तुला आठवतो; भिंती लिंपून लिंपून आईचे हात फुटायचे, ते मला आठवतं.

मी : म्हणजे पाडणाऱ्यालाच द्यावं?

ताई : तसं मी म्हटलंच नाही. घर राहिलेलं मलाही पाहिजे. पण आधी ग्रामपंचायतीत जाऊन ये. बाबांच्या मागं नमुना 8 वर एकट्या तुझं नाव चढलंय.

मी : तुझंही चढवतो. पण घर द्यायचं कोणाला?

ताई : नाव चढू दे. मग सांगीन.