यंत्राच्या वयाची नोकरी

हडपसरच्या जुन्या घरांत ‘पोरगा कंपनीत लागला’ म्हटले की पुढचे प्रश्न कोणी विचारत नसे. लागलेला माणूस निवृत्तीपर्यंत तिथेच असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असे. १९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी स्थापन झाली आणि हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत हवेचे आणि रेफ्रिजरेशनचे कॉम्प्रेसर तयार होऊ लागले. मुठा कालव्याच्या पाण्यावर मळे पिकवणाऱ्या या भागातली मुले आयटीआय करून अशा कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून शिरली आणि केस पिकल्यावर बाहेर पडली. आज त्याच हडपसरात, शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून उभारलेल्या मगरपट्टा सिटीत, दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणे हुशारीचे मानले जाते. त्यामुळे एकाच कंपनीत पस्तीस वर्षे काढलेल्या तंत्रज्ञाचे कोणी निष्ठावान म्हणून कौतुक करतो, तर कोणी धाडस केले नाही म्हणून त्याची कीव करतो. दोघेही त्या माणसाच्या स्वभावाबद्दल बोलतात. त्याच्या हाताखालच्या यंत्राचा विचार कोणीच करत नाही, आणि माझ्या मते त्या नोकरीचे खरे मोल तिथेच आहे.

अमोनियावर चालणारा रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर नीट राखला तर पंचवीस-तीस वर्षे सहज चालतो. तासगावकडचे बेदाण्याचे कोल्ड स्टोअरेज असो की दुधाची डेअरी, तिथला सगळा माल त्याच्या भरवशावर असतो. त्यात बिघाड होतो तेव्हा आधी आवाज बदलतो. वायूऐवजी द्रवरूप अमोनिया सिलिंडरकडे ओढला गेला, की एकसारखा ठेका मोडून ठोके पडू लागतात आणि क्रँककेसवर बाहेरून बर्फ धरतो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे वेळीच यंत्र थांबवले नाही तर व्हॉल्व्ह प्लेट फुटतात, कधी कनेक्टिंग रॉडही वाकतो. हे सगळे मॅन्युअलमध्ये छापलेले असते. पण या विशिष्ट प्लांटवर, पाइपलाइनच्या या वाकणामुळे, लोड एकदम चढवला की असे होते, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडत नाही. गळती शोधायला पेटवलेली गंधकाची कांडी सांध्यांजवळून फिरवतात. अमोनिया असेल तिथे पांढरा धूर उठतो. कांडी कोणालाही धरता येते. आधी कोणता सांधा तपासायचा, हे मात्र तो सांधा पूर्वी स्वतः खोलून बसवलेल्या माणसाला चटकन सुचते.

यंत्र तीस वर्षांचे आणि ते ओळखणारा माणूस तीन वर्षांचा, असा हिशेब जमत नाही. मधल्या काळात मॉडेल बदलतात, ड्रॉइंग सुधारली जातात, सुट्या भागांचे नंबर बदलतात. जुना कॉम्प्रेसर मात्र एखाद्या गावाबाहेरच्या शेडमध्ये चालूच असतो. त्याची हकिगत माहीत असलेला माणूस कंपनीत उरला नाही, तर त्याची किंमत ग्राहक खोळंबलेल्या दिवसांनी आणि नासलेल्या मालाने मोजतो. उलट असा माणूस टिकला, तर साइटवर नेमके काय तुटते हे डिझाइनच्या टेबलापर्यंत पोचते आणि पुढचे यंत्र सुधारते.

किर्लोस्करांच्या उद्योगाला अशा माणसांची ओळख पहिल्यापासून होती. १९१० साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या सहकाऱ्यांत अनंतराव फळणीकर होते. शाळा अर्धवट सुटलेले फळणीकर पुढे कल्पक इंजिनीअर म्हणून नावाजले. पदवी नसलेल्या माणसाला यंत्रापाशी पुरेसा काळ आणि मालकाचा विश्वास मिळाला की तो कुठवर जातो, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

म्हणून जुने दिवस सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला बंदी होती, त्यामुळे पाळ्यांवर चालणारी ही नोकरी बहुतांशी पुरुषांची राहिली. परमनंट माणसाच्या शेजारी तेच काम करणारा कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे कंत्राटीच राहिला. एका कंपनीशी बांधलेला माणूस ती कंपनी बुडाली की किती उघडा पडतो, हे १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे. माणूस टिकला तो समाधानाने की नाइलाजाने, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारायलाच हवा.

टिकणाऱ्याच्या पदरी काय पडते, तेही पाहावे. ग्रॅच्युइटी म्हणून नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते. महिन्याचे फक्त कामाचे दिवस मोजले, तर पस्तीस वर्षांचे साधारण वीस महिन्यांचे वेतन. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनचे गणित बहुतेकांसाठी १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेत होते, त्यामुळे आयुष्यभराच्या नोकरीनंतरही महिन्याला सात-आठ हजारांपुढे ते सहसा सरकत नाही. हे पैसे त्याने घालवलेल्या वर्षांचे झाले. त्या वर्षांत साठलेल्या जाणकारीला आपल्याकडे वेगळा भाव नाही.

तो भाव ठरवणे कारखान्यांच्या हातात आहे. उत्तम फिटरला पगार वाढावा म्हणून सुपरवायझरच्या खुर्चीत बसावे लागू नये; हातात पाना ठेवूनच त्याला वरची श्रेणी मिळावी. निवृत्तीपूर्वीची शेवटची दोन वर्षे त्याच्यासोबत दोन तरुण असावेत आणि त्यांना शिकवणे हेच त्याचे काम धरले जावे. प्रत्येक यंत्राच्या दुरुस्तीची नोंद त्याला सहज लिहिता येईल अशा मराठीत ठेवली जावी. आणि हे सगळे कंत्राटी मुलांसाठी, मुलींसाठीही खुले असावे. माणसे टिकत नाहीत अशी तक्रार आज बरेच कारखानदार करतात. तीस वर्षे चालणारे यंत्र विकायचे असेल, तर ते सांभाळणाऱ्याला तीस वर्षे थांबावेसे वाटेल अशी नोकरी देणे हा त्या विक्रीचाच भाग आहे.