वास्तव्य आणि ऋण

आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ पुण्यास राहतात. त्यांचा एकुलता एक मुलगा संगणकाच्या विद्येत निपुण असून त्याची गिऱ्हाइके व त्याची मिळकत ही सर्व परदेशांत आहेत. सुमारे तीन वर्षांपूर्वी त्याने येथील बिऱ्हाड मोडले. तेव्हापासून चार महिने लिस्बन, तीन महिने तिबिलिसी, पुढे बाली बेट, असा त्याचा संचार चालू आहे. गेल्या वर्षी जूनच्या आरंभी वडिलांस पक्षाघाताचा झटका आला. मुलगा मिळेल त्या विमानाने निघाला व १० तारखेस घरी पोहोचला. पुढील सहा महिने त्याने वडिलांची जी सेवा केली, तिला नाव ठेवण्यास आम्हांस तिळमात्र जागा दिसली नाही. औषध, पथ्य, व्यायाम, रात्रीची जागरणे, सर्व काही त्याने स्वतः केले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र त्याने एकाएकी सामान बांधले. वडील अद्याप भिंतीच्या आधारावाचून उभे राहू शकत नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही तेथेच होतो. "आता केव्हा येशील?" असे वडिलांनी विचारले. "एप्रिलात येतो, बाबा," असे तो म्हणाला. तोपर्यंत मुलास कामाची गर्दी असावी, अशी त्या बिचाऱ्यांची समजूत झाली.

खरे कारण मुलाने जिना उतरताना आम्हांस सांगितले. ८ डिसेंबर हा त्याच्या येथील मुक्कामाचा १८२ वा दिवस होता. तो दिवस येथे उजाडला असता, तर त्याची त्या वर्षाची साऱ्या जगातील मिळकत येथील प्राप्तिकरास पात्र झाली असती.

हा हिशेब खोटा नव्हता. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात जो मनुष्य १८२ दिवस भारतात राहिला, त्यास आपला कायदा रहिवासी मानतो; आणि मागील वर्षांतही त्याचे वास्तव्य पुरेसे झाले असेल, तर त्याच्या परदेशी मिळकतीवरही कर बसवितो. १९६१ च्या कायद्यातील ही मोजणी २०२५ च्या नव्या कायद्यानेही कायम ठेविली आहे. ६० दिवसांचे दुसरेही एक माप आहे. परंतु परदेशी राहणारा नागरिक भेटीस आला असता त्यास ते सहसा लागू होत नाही. २०२० मध्ये या नियमांस एक पुरवणी जोडण्यात आली. ज्या नागरिकाची येथील मिळकत १५ लाखांहून अधिक आहे, त्यास १२० दिवसांचे माप लागू लागले. आणि असा नागरिक जर अन्य कोणत्याही देशात रहिवासी म्हणून करास पात्र नसेल, तर तो येथे एक दिवस न राहताही रहिवासी ठरू लागला. तथापि अशा मानलेल्या रहिवाशाच्या परदेशी मिळकतीस हा नियम सहसा हात लावीत नाही, आणि आमच्या या तरुणाची येथील मिळकत तर अगदीच थोडी. तेव्हा तो येथे कर देत नाही. इतर देशांतही रहिवासी ठरण्यास बहुधा अर्धे वर्ष लागते. तितका तो कोठेच थांबत नाही. आपण कोणत्याच सरकारास काही देणे लागत नाही, असे तो स्वतः सांगतो, आणि त्यात त्यास लपविण्यासारखे काही वाटत नाही.

ही हकीकत ऐकून आमच्या मित्रमंडळीत दोन पक्ष झाले. एक पक्ष म्हणे, आजारी बापास सोडून जाणारा हा मुलगा कृपण. दुसरा म्हणे, आजारी बापाजवळ बसण्यावर दंड बसविणारा हा कायदाच निर्दय. आम्हांस असे वाटते की, या वादात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. दिवस मोजावेत की न मोजावेत, हा एक प्रश्न. आणि मनुष्याने कोठेच देणे लागू नये हे योग्य की अयोग्य, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सापडले तरी दुसरा शिल्लकच राहतो.

कायदा दिवस मोजतो, कारण त्यास मन मोजता येत नाही. मनाचा ठाव घेण्याचा यत्न त्याने केलाच नाही, असे मात्र नव्हे. १९२८ मध्ये इंग्लंडच्या उमरावांच्या सभेपुढे लेव्हीन नामक गृहस्थाचा खटला आला. त्यांनी १९१८ मध्ये लंडनमधील घर सोडले, सामानसुमान विकले, आणि पुढे कित्येक वर्षे ते हॉटेलांतूनच राहिले; वर्षातील सात-आठ महिने परदेशी व चार-पाच महिने इंग्लंडात. माझे इंग्लंडात घरच नाही, मग मी रहिवासी कसा, असा त्यांचा सवाल होता. न्यायमूर्तींनी ते इंग्लंडात कशासाठी येत याचा विचार केला. वैद्याचा सल्ला घेण्यासाठी, आप्तांस भेटण्यासाठी, मातापित्यांच्या कबरींच्या दर्शनासाठी, आपल्या धर्माचे विधी पाळण्यासाठी ते येत. निकाल असा झाला की, हे गृहस्थ इंग्लंडचेच रहिवासी होत. कराच्या खटल्यात इतके मानवी सत्य क्वचितच सापडते. मनुष्य कोठला, हे त्याच्या घराच्या कुलपावरून ठरत नाही. आजारी पडला असता तो कोणत्या दिशेस तोंड करतो, आणि त्याची मृत माणसे कोठे निजली आहेत, यावरून ते अधिक नेमके कळते.

राष्ट्राराष्ट्रांतील करारही याच वळणाचे असतात. एकाच मनुष्यावर दोन्ही देशांनी हक्क सांगितला, तर काय करावे, याची एक उतरंड भारत व अमेरिका यांच्या १९८९ च्या करारात घालून दिलेली आहे. प्रथम त्याचे कायमचे घर कोठे आहे ते पाहावे. दोन्हीकडे असल्यास त्याचे वैयक्तिक व आर्थिक संबंध कोणत्या देशाशी अधिक निकटचे आहेत ते पाहावे. तेही न ठरल्यास त्याचे नेहमीचे राहणे, नंतर नागरिकत्व. आणि काहीच न साधल्यास दोन्ही सरकारांनी आपसांत बोलून ठरवावे. परंतु ही सर्व व्यवस्था दोघे हक्क सांगतात तेव्हाची आहे. कोणीच हक्क सांगत नाही, अशा मनुष्याचे काय करावे, यावर ती उतरंड मुकी आहे.

येथे आम्हांस आपल्याकडील एका जुन्या व्यवस्थेचे स्मरण होते. मराठी राज्यात दख्खनच्या गावांतून मिरासदार व उपरी असे दोन प्रकारचे शेतकरी असत. उपरी हा आज येथे, उद्या तेथे. त्याचा सारा बहुधा हलका, व त्याचा हक्कही तात्पुरता. मिरासदाराच्या साऱ्याचा भार जड असे, आणि काही ठिकाणी त्यास मिरासपट्टीही द्यावी लागे. त्याच्या बदल्यात त्यास काय मिळे? दुष्काळाने वा धामधुमीने तो गाव सोडून परागंदा झाला, तरी त्याची मिरास सहसा बुडत नसे; वर्षानुवर्षांनी परत आल्यावरही देणे चुकते करून त्यास आपली जमीन मागता येई. त्या जड साऱ्यात परत येण्याच्या हक्काचे मोल होते. हे त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या कुणब्यास पुरते ठाऊक होते. आमचा तरुण मिरासदाराप्रमाणे परत येतो, आणि उपऱ्याहूनही कमी देतो. किंबहुना काहीच देत नाही.

यावर कोणी म्हणेल, ज्या रस्त्याने आपण चालत नाही त्याची पट्टी का द्यावी? आमचे उत्तर असे की, तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही. त्या जूनमध्ये ज्या रस्त्याने वडिलांस रुग्णालयात नेले, तो गेली तीन वर्षे इतरांनी नीट ठेविला होता. ज्या डॉक्टराने त्यांस वाचविले, त्याचे शिक्षण सरकारी महाविद्यालयात, म्हणजे आम्हां सर्वांच्या पैशाने झाले होते. मुलगा ज्या पारपत्रावर देशोदेशी फिरतो, त्याच्यामागे एक राष्ट्र उभे आहे. विहीर दुसऱ्यांनी खणली, पाणी त्याने प्यायले. यात चोरी नाही. परंतु ऋण आहे. आपल्या शास्त्रांत देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे प्रसिद्ध आहेत; शतपथ ब्राह्मणात त्यांस मनुष्यऋण हे चौथे जोडले आहे. मुलाने पितृऋण उत्तम फेडले. चौथे त्याच्या वहीतच नव्हते.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. ऋण मानावयाचे, तर राज्याने आपल्या नागरिकाचा पाठलाग कोठवर करावा? अमेरिका आपल्या नागरिकाच्या मिळकतीवर तो जगात कोठेही असला तरी कर बसविते. मेक्सिकोत राहणाऱ्या व मेक्सिकोतील मालमत्तेवर जगणाऱ्या एका नागरिकाने त्यास हरकत घेतली असता १९२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारचाच पक्ष उचलून धरला. नागरिक कोठेही असो, राज्याचे छत्र त्याजवर असतेच, असा त्यातील आशय. या न्यायाने तान्हेपणीच तो देश सोडलेल्या, व तेथील एक शब्दही न बोलणाऱ्या माणसासही तेथे हिशेब द्यावा लागतो. हे आम्हांस मान्य नाही. जन्म हा अपघात आहे, आणि अपघातावर आजन्म कर बसविणे हा न्याय नव्हे. जो मनुष्य दुसऱ्या देशात जाऊन राहिला, तेथील शाळा, रस्ते व दिवाबत्ती यांचा भार उचलू लागला, त्याचे देणे तेथे फिटले. मूळ देशाने त्यास प्रेमाने बोलवावे, दमडी मागू नये. आखातात घाम गाळणाऱ्या मजुराचेही तसेच. तेथे प्राप्तिकर नाही हा त्याचा दोष नव्हे. तो एके ठिकाणी राहतो, एके ठिकाणी श्रम करतो. २०२० च्या पुरवणीने अशा लोकांत धास्ती पसरली, तेव्हा तेथील प्रामाणिक कामगारांस ती लावण्याचा हेतू नाही, असा खुलासा सरकारास करावा लागला, आणि तो यथायोग्यच होता. जेथे कर नाही अशा ठिकाणी राहणे, आणि कोठेच न राहणे, यांत महदंतर आहे.

आता कायद्याच्या निर्दयपणाविषयी. ती तक्रार आम्हांस बरीचशी पटते. सक्तीचा मुक्काम हे खरे वास्तव्य नव्हे, हे कायद्यास कळत नाही असे नाही. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे विमाने बंद होऊन पुष्कळ पाहुणे येथे अडकले, तेव्हा त्या वर्षाचे २२ ते ३१ मार्च हे दिवस त्यांच्या हिशेबात न धरण्याची आज्ञा निघाली. इंग्लंडचा २०१३ पासूनचा नियमही आकस्मिक आपत्तीचे ६० पर्यंत दिवस वगळू देतो. मरणासन्न आईबापांच्या उशाशी घालविलेले दिवस आपल्याही कायद्याने वगळावेत, अशी सूचना कोणी केल्यास आम्ही तिला आनंदाने पाठिंबा देऊ. परंतु वाचकांनी क्षणभर विचार करावा. अशी सवलत मिळाली असती, तर तो तरुण मार्चअखेर वडिलांजवळ राहिला असता, ही मोठी गोष्ट. आणि तरीही तो पूर्वीप्रमाणेच कोठलाही नसता.

संन्याशास एके ठिकाणी न राहण्याची आज्ञा आहे. चातुर्मास वगळता त्याने फिरतेच असावे. पण त्याने घर, धन व नाव ही तिन्ही टाकलेली असतात, म्हणून कोणताही गाव त्यास काही मागत नाही. संन्याशाचे स्वातंत्र्य घ्यावे व गृहस्थाचे धन राखावे, अशी सोय कोणत्याच आश्रमात सांगितलेली नाही.

मग त्या तरुणाने काय करावे? तो विचारता तर आम्ही त्यास परत येऊन येथेच राहा असे सांगितले नसते. लिस्बन आवडत असेल, तर त्याने लिस्बनचे व्हावे. तेथे घर करावे, तेथील कर भरावा, आणि मग पुण्यास ताठ मानेने पाहुणा म्हणून यावे. मन पुण्यात असेल, तर डिसेंबरात आणखी काही दिवस राहून येथील देणे द्यावे. कोणते गाव निवडावे, हा त्याचा प्रश्न. कोठलेच न निवडणे मात्र, कायद्यास चालले तरी, मनुष्यास शोभत नाही. आणि कोणते निवडावे हे ज्यास उमगत नसेल, त्याने रात्री छातीत कळ आली असता आपण प्रथम कोणास हाक मारू, एवढेच स्वतःस विचारावे.

परवा आम्ही त्या वृद्धांस भेटून आलो. काठी घेऊन ते आता खिडकीपर्यंत जातात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गेलेल्या प्रत्येक दिवसावर त्यांनी थरथरत्या हाताने रेघ मारली होती. "एप्रिलास अजून थोडे दिवस आहेत," असे ते म्हणाले. आम्ही काही बोललो नाही.