डोंगर कोणी उघडा केला?



धडगाव-अक्कलकुव्याचे उघडे डोंगर पाहून सहज म्हटले जाते, "आदिवासींनी जंगल तोडले." हे अर्धेच सत्य आहे. पोटासाठी उतारावर नांगर चालला, जळणासाठी झाडे पडली, हे खरे. पण १८७८ च्या ब्रिटिश वनकायद्याने जंगल सरकारचे झाले आणि त्यात राहणारा परका ठरला. सागवान ठेकेदारांच्या गाड्यांतून शहरांकडे गेले. पुढे सरदार सरोवराने जिल्ह्यातील ३३ गावे बाधित केली. जमीन जाते, पोट जात नाही. माणूस मग आणखी वर, डोंगरावर सरकतो.

म्हणजे कुऱ्हाड धरणारा निर्दोष का? नाही. पण तो एकटाच दोषी नाही. सागवानी दार लावणाऱ्या घरालाही हा प्रश्न लागू आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवरील ऐतिहासिक अन्याय मान्य केला. त्याच कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला. हक्क आणि राखण एकत्रच मिळाले आहेत. देवानेही आदामाला बाग दिली ती मशागतीसाठी आणि राखणीसाठी.

तेव्हा बोट दाखवण्याआधी प्रत्येकाने आपला वाटा ओळखावा, आणि शेतातला मोह उभा ठेवावा.