मनगटाने मोजलेली पावले

मनगटावरचे घड्याळ चाललेली पावले मोजते, ही गोष्ट आता शहरातच काय, खेड्यापाड्यांतही नवलाची राहिलेली नाही. तेव्हा त्याविषयी शंका निघाली तर ती थट्टेवारी नेण्याजोगी आम्ही मानीत नाही. शंका अशी की, घरात एका जागी ठेवलेल्या व्यायामाच्या सायकलीवर मनुष्य अर्धा तास पाय चालवितो, घामाने निथळतो, आणि उतरून पाहतो तो घड्याळात पावले पाच-पन्नास! "बुवा, आता खोटे कोण? हे घड्याळ की आमचे पाय?" गुडघ्यांच्या दुखण्याने चालणे बंद झालेल्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनी आम्हांला हे विचारले. स्वरात विनोद नव्हता. रोज आकडा उणा दिसतो म्हणून सायकलच सोडून द्यावी, इथवर त्यांचे मन आले होते.

प्रथम यंत्राची बाजू ऐकावी. घड्याळाला पाय दिसत नाहीत. गतीतला फरक ओळखणारा एक सूक्ष्म भाग त्याच्या पोटात असतो, त्याला ॲक्सेलरोमीटर म्हणतात. मनुष्य चालू लागला की हात झुलतो, पावलागणिक अंगाला बारीक हिसका बसतो, आणि त्या ठेक्यावरून घड्याळ 'पाऊल पडले' असे ठरविते. म्हणजे हे प्रत्यक्ष ज्ञान नव्हे, अनुमान झाले. डोंगरावर धूर पाहून अग्नी आहे म्हणावे, तशातला प्रकार.

आता अनुमान म्हटले की व्याप्ती तपासणे आलेच. आमच्या मेळातला एक तरुण टाळकरी मांडी घालून भजनाला टाळ धरतो, आणि त्याचे घड्याळ बसल्या जागी पावले वाढवीत राहते! हात हलला, पाऊल मात्र नाही. यालाच शास्त्रात हेतूचा व्यभिचार म्हणतात. उलट पक्षी, नातवाची बाबागाडी दोन्ही हातांनी ढकलीत चालणाऱ्या आजोबांची पुष्कळशी पावले घड्याळाच्या हिशेबातून निसटतात, कारण हात दांड्यावर स्थिर. पाठशाळेत यासाठी तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दृष्टांत देत. गोळा लालबुंद आहे, अग्नी त्यात आहेच, पण धूर कोठे आहे? धूर नाही म्हणून अग्नी नाही असे म्हणणाऱ्याने त्याला खुशाल हात लावून पाहावा.

मग सायकलवाल्याचेही तसेच, असे कोणी चटकन म्हणेल. पण अहो, थांबा. गोळ्यात अग्नी खरोखर असतो. सायकलीवर पाऊल असते काय? पाऊल म्हणजे जमिनीवरून उचलून पुढे टेकलेला पाय. सायकलीवर पाय पायट्यावरून सुटत नाही, तो गोल फिरतो. तेथे पाऊल एकही पडत नाही, म्हणून शून्य हेच तेथले खरे उत्तर. जी पाच-पन्नास दिसली तीच खोटी, आणि तीही बहुधा घाम पुसताना किंवा तांब्या उचलताना हाताच्या हालचालीने पडलेली. गृहस्थ म्हणत होते घड्याळ कमी सांगते. आम्ही म्हणतो ते जास्तच सांगते.

यावर ते गृहस्थ अधिकच खिन्न झाले. "म्हणजे माझे श्रम शून्य?" येथेच खरी गाठ आहे. पावले शून्य याचा अर्थ श्रम शून्य असा कोणी लावला? यंत्राने तर नाही. श्रम ज्याला तोलायचे त्याने सायकलीचा व्यायाम निवडून घड्याळाला तसे सांगावे. मग ते हिरव्या प्रकाशाने कातडीखालच्या रक्ताचा वेध घेऊन नाडीचे ठोके सांगते. पायट्याच्या दांड्याला वेगळा मापक लावला तर फेऱ्याही मोजता येतात. उष्मांकांचा आकडा मात्र तेथेही अदमासाचाच, तो तोळामाशाने खरा धरू नये.

आणि हे दहा हजार पावलांचे व्रत तरी कोणी घालून दिले? १९६४ च्या तोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानात एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकावयास काढले. त्याचे नाव 'मानपो-केई', अर्थ दहा हजार पावलांचे मापक. ते नाव जगभर नियमासारखे रुजले. पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांवर अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मापक कमरेला होते. दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २,७०० चालणाऱ्यांहून कमी आढळले, आणि सुमारे ७,५०० च्या पुढे लाभ वाढताना दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी पावले सांगितलीच नाहीत; आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे सांगितली. त्या मिनिटांत सायकल सुखाने बसते. हे ऐकून त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जरा उजेड पडला.

आता एक प्रश्न उरतो, आणि तो आम्हांला यंत्राच्या प्रश्नाहून नाजूक वाटतो. काही जण सायकलीवर बसताना घड्याळ मनगटाचे काढून घोट्याला बांधतात. मग पायाच्या फेऱ्यांबरोबर ते काही ना काही मोजू लागते. हे असत्य काय? स्वतःच्या वहीत 'सायकलीच्या फेऱ्या' म्हणून लिहिले तर आमच्या मते दोष नाही. पण हल्ली कचेऱ्यांतून पावलांच्या चढाओढी लागतात, बक्षिसे असतात. तेथे त्याच फेऱ्या 'पावले' म्हणून मांडल्या तर ज्याने उन्हातान्हात खरोखर चालून आकडा गाठला त्याची ती फसवणूक झाली. कोणी म्हणेल, श्रम तर आम्हीही केले! केले, नाही कोण म्हणतो? पण शेरभर ज्वारी देऊन शेरभर गहू दिले असे लिहिणारा वाणी धान्य देऊनही खोटाच ठरतो. आणि ज्यांनी चढाओढ लावली त्यांनाही विचारले पाहिजे की, ज्याचे गुडघे गेले, जो काठी टेकीत चालतो, ज्याला चाकाच्या खुर्चीवाचून गती नाही, त्याच्यासाठी तुमच्या कागदावर रकाना कोणता? तो रकाना आधी आखावा, म्हणजे घोट्याला घड्याळ बांधण्याची पाळी पुष्कळांवर येणार नाही.