खुरपणारा हात

पिकाची ओळख मालकाला असते. तणाची ओळख खुरपणाऱ्या बाईला असते. जे रोज हातांनी उपटावे लागते, ते पानापानाने कळते.

कोवळा टाकळा दिसला की ती खुडून ओच्यात टाकते. त्याचे बी गजकर्णावर वाटून लावतात, हेही तिला ठाऊक असते. कुरडू, घोळ, केना यांचीही भाजी होते. पिकात जिचा वाटा नव्हता, तिने तणात आपला वाटा शोधला. गरजेइतके बारकाईने कोणी पाहत नाही.

खुरप्याने बोट कापले तर दगडीपाला बांधावरच असतो. खरखरीत पाने, लांब दांडी, टोकाला एकच पिवळे-पांढरे फूल. पाला तळहातावर चोळायचा, रस जखमेवर पिळायचा, चोथा वर बांधायचा. हे झाड मूळचे अमेरिकेतले. परके तण इथल्या माणसांनी पारखले आणि औषधात घेतले. परंपरा जिवंत असते तेव्हा ती नवे शिकत असते.

आघाडा वाटेवर लुगड्याला चिकटतो म्हणून झटकला जातो. श्रावणात त्याचीच माळ जिवतीला घालतात. त्याच्या राखेचा क्षार, निवडुंगाचा चीक आणि हळद यांची पुटे चढवलेला दोरा वैद्य भगंदरावर आजही वापरतात. मान प्रसंगाने मिळतो. गुण त्याआधीही असतो.

धोतरा गणपतीच्या पत्रीत असतो. दम्यावर त्याच्या पानांचा धूर घेत. तोच पोटात गेला तर भ्रम होतो, जीवही जातो. जाणती बाई औषधाआधी प्रमाण सांगे, आणि दवाखान्यात कधी न्यायचे तेही. काविळीत केवळ भुईआवळीवर विसंबलेली घरे मी पाहिली आहेत. त्यांतले एक फार जवळचे होते. उपाय पुष्कळांना माहीत असतो. त्याची हद्द माहीत असणे हे खरे ज्ञान.

आता तणनाशक फवारतात. दिवसभर वाकलेली पाठ मोकळी झाली, हे चांगलेच झाले. पण फवारा उपयोगी तणे वेगळी ओळखत नाही, आणि फवारणाऱ्यालाही ती ओळखावी लागत नाहीत. श्रमातून आलेले ज्ञान श्रमाबरोबर जाते.

ते कष्ट पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. त्यांतून जे कळले ते मात्र विचारून, तपासून, त्या बायकांच्या नावाने लिहून ठेवले पाहिजे. त्यांच्या मजुरीत या ज्ञानाचे मोल कधीच धरले गेले नव्हते.